टिकाऊ दुधाचा साठा: माळ्यावर नको, आणि तीन महिन्यांचा तर नकोच

नाशिकच्या पंचवटीतल्या एका ताईंनी विचारलं आहे. घर गोदाघाटापासून फार लांब नाही. गोदावरीला पूर आला की गल्लीत पाणी येतं, वीज जाते, दूधवाला येत नाही. सिंहस्थात रस्ते बंद राहतील ही धास्ती वेगळीच. म्हणून टेट्रापॅकच्या दुधाचा तीन महिन्यांचा साठा पोटमाळ्यावर करून ठेवावा, असं त्यांच्या मनात आहे. घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. हे दूध उकळायचं की नाही, हा एक प्रश्न. दुसरा असा की मागे माळ्यावर राहून गेलेलं एक पाकीट उन्हाळ्यानंतर फोडलं, तर दूध पिवळट-तपकिरी निघालं, वास उतरलेला होता, पण उकळल्यावर फाटलं नाही. असं दूध चालतं का?

नोकरीचा बहुतेक काळ मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काढला आहे. पाकीटबंद दुधाचे नमुने महिनोन् महिने ठेवून त्यांचं काय होतं ते बघणं हा त्या कामाचाच भाग होता. त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण साठ्याचं सगळं उत्तर त्या पिवळट पाकिटातच आहे.

ताई, तुमचं दूध नासलं नव्हतं, शिजलं होतं. माळ्यावरच्या उष्म्यात, बंद पाकिटात, हळूहळू. दुधातली साखर आणि प्रथिनं यांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन रंग बदलतो. बासुंदी आटवताना जो बदामी रंग येतो तो याच प्रक्रियेचा. चुलीवर ती तासाभरात होते, पत्र्याखाली दोन-तीन महिन्यांत. पाकीट फुगलेलं नसेल आणि तारीख उलटली नसेल तर असं दूध विषारी नसतं. पण चव गेलेली असते, प्रथिनांचा कस थोडा उतरलेला असतो, काही जीवनसत्त्वं कमी झालेली असतात. मुलांना मी ते दिलं नसतं. तारीख उलटली असेल तर चर्चाच नको, ओतून द्यायचं.

हे दूध टिकतं कसं ते समजलं की कुठे ठेवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. रोजच्या प्लास्टिकच्या पिशवीतलं दूध साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवतात. त्यात रोगजंतू मरतात, पण दूध आंबवणारे बरेच जीव शिल्लक राहतात, म्हणून ती पिशवी फ्रिजमध्येच ठेवावी लागते. टिकाऊ दूध १३५ ते १५० अंशांपर्यंत नेतात, तेही फक्त काही सेकंद, लगेच थंड करतात आणि निर्जंतुक केलेल्या पाकिटात निर्जंतुक हवेतच भरतात. याला यूएचटी म्हणतात. पाकिटात जाड कागद, प्लास्टिकचे थर आणि केसाहून कितीतरी पातळ असा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. उजेड आणि हवा अडवण्याचं काम तो पत्रा करतो. 'एवढे महिने टिकतं म्हणजे नक्की काहीतरी औषध घातलेलं असणार' असं म्हणणारी माणसं मला प्रत्येक लग्नात भेटतात. टिकवण्यासाठी त्यात औषध घालावंच लागत नाही. जिथे जंतूच नाहीत तिथे मारायचं कोणाला?

पण जंतू नाहीत म्हणजे दूध आत स्वस्थ बसलंय असं नाही. मघाची रंग बदलणारी प्रक्रिया चालू असते. स्निग्धांशाला हळूहळू जुनाट वास लागतो. शिवाय दूध काढल्यापासून तापवेपर्यंत त्यात वाढलेल्या जंतूंनी सोडलेले काही विकर, म्हणजे एन्झाइम, इतके चिवट असतात की जंतू मेले तरी ते मरत नाहीत. ते महिनोन् महिने प्रथिनं कुरतडत राहतात. मग दूध कडवट होतं किंवा खाली लापशीसारखं घट्ट होत जातं. कच्चं दूध किती स्वच्छ आणि थंड आलं होतं यावर हे अवलंबून असतं, म्हणून एकाच कंपनीच्या दोन खोक्यांत फरक पडू शकतो. यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. घट्ट होणं पंचवीस-तीस अंशांना जास्त दिसतं, चाळिशीच्या जवळ उलट कमी होतं. पण तेवढ्यावरून उष्णतेला चांगलं म्हणू नका, कारण रंग आणि चव त्या वेळी झपाट्याने बिघडत असतात. ढोबळ मानाने तापमान दहा अंश वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो.

आता नाशिकचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, कधी ओलांडतो. हे झालं सावलीतलं तापमान. पत्र्याच्या किंवा पातळ स्लॅबच्या खाली, बंद माळ्यावर, दुपारी त्याहून बरंच जास्त असतं. पंचेचाळीस अंशांच्या वर आणखी एक धोका जागा होतो. काही जंतूंची बीजं १४० अंशही सोसतात, आणि त्यांतल्या काहींना वाढायला अशीच प्रचंड उष्णता लागते. साध्या खोलीत ती झोपून राहतात. माळ्यावर उठली तर पाकीट न फुगताही दूध आंबट होऊ शकतं.

म्हणजे पाकिटावरची तारीख ही बेताच्या तापमानात ठेवलेल्या पाकिटाची तारीख आहे. विटेच्या आकाराच्या पाकिटाला बहुधा ६ महिने, उशीसारख्या मऊ पाकिटाला ३ महिने असतात. तुमच्या हातातल्या पाकिटावर काय छापलंय ते पाहा. उन्हाळ्यात तुमच्या माळ्यावरचा प्रत्येक महिना त्या तारखेतले दोन महिने खातो असं समजा.

मग ठेवायचं कुठे? जुन्या वाड्यात राहत असाल तर तळमजल्यावरची आतली, जाड भिंतींची खोली उत्तम. सिडको, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पश्चिमेची भिंत सोडून आतल्या खोलीतला खालचा कप्पा धरावा. स्वयंपाकघरात गॅसच्या वरचं कपाट आणि फ्रिजच्या डोक्यावरची जागा या दोन्ही ठिकाणी हात पटकन पोचतो म्हणून पाकिटं हमखास तिथे जातात. दोन्ही गरम जागा आहेत. फ्रिजच्या आत न फोडलेलं पाकीट ठेवायला हरकत नाही, गरजही नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, गोठून वितळलेल्या दुधाचा पोत बिघडतो आणि पाकिटाचे सांधेही ताणतात.

पण तुमचं घर पुराच्या टापूत आहे, म्हणून तुम्हाला तळमजला सांगून माझं काम संपत नाही. २००८, २०१६, २०१९ या तिन्ही पुरांत घाटालगतच्या गल्ल्यांचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. इथे नाशिकचं हवामान तुमच्या बाजूने आहे. उष्मा आणि पूर एकाच वेळी येत नाहीत. पावसाळ्यात दिवसाचं तापमान अठ्ठावीस-तीसच्या आसपास राहतं, तेव्हा माळाही तापत नाही. म्हणून मिरग लागला, पहिला चांगला पाऊस झाला, की खोका वर न्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला खाली आणा. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, 'आता थंडीच येतेय' म्हणून तेवढ्यात आळस करू नका. होळीनंतर तर माळ्यावर पाकीट दिसताच कामा नये.

पुराच्या पाण्याने भिजलेलं पाकीट बाहेरून धुऊन वापरायचं का, असं हमखास विचारतात. वापरू नका. त्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात, कागदी पाकिटाच्या घड्यांमध्ये ते मुरतं आणि धुऊन निघत नाही. गोदाघाटावरच्या ज्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की खोका वरच्या मजल्यावर आहे ना, ते बघून घ्यायचं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवलात तर आणखी बरं.

किती ठेवायचं हा खरा मुद्दा. सहा माणसांच्या घरात रोज दीड लिटर धरलं तर तीन महिन्यांचं दूध होतं १३५ लिटर. लिटरची बारा पाकिटं एका खोक्यात येतात, म्हणजे अकरा-बारा खोकी. ठेवायला जागा, अडकलेले पैसे आणि शेवटी घाईघाईने संपवावं लागणारं तारीख उलटत आलेलं दूध, एवढं सगळं कशासाठी? पूर दोन-चार दिवसांत ओसरतो. जून २०१७ मध्ये शेतकरी संपात दूध-भाजी अडली, तेव्हाही प्रश्न दिवसांचा होता, महिन्यांचा नव्हता. अडचणीच्या दिवसांत चहा बेताचा आणि मुलांचं दूध पूर्ण, असा हिशेब धरला तर तुमच्या घराला दिवसाला लिटरभर पुरतं. म्हणजे आठ-दहा दिवसांसाठी एक खोका आणि वर काही लहान पाकिटं. याहून जास्त साठा मी कुठल्याच घराला सांगत नाही.

'अडीअडचणीला ठेवलंय' म्हणून जो खोका बाजूला पडतो, तोच वाया जातो. टिकाऊ दूध घरात फिरतं राहिलं पाहिजे. आठवड्याला एक-दोन पाकिटं रोजच्या वापरात काढायची, खोका अर्धा झाला की नवीन आणायचा, नवीन माल मागे आणि जुना पुढे. पाकिटावरची छापील तारीख बारीक असते, सासऱ्यांना दिसणार नाही. मार्करने महिना मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कोजागिरीच्या मसाला दुधाला, साबुदाण्याच्या खिरीला, पाहुणे आल्यावर लागणाऱ्या जास्तीच्या चहाला हे दूध झकास चालतं.

पाकिटाच्या आकाराचा विचार फार थोडे लोक करतात, आणि मला तो जागेइतकाच महत्त्वाचा वाटतो. साठा कशासाठी करतोय? वीज नसेल त्या दिवसांसाठी. पाकीट फोडलं की त्या दुधाचं टिकाऊपण संपलं, ते साध्या दुधासारखंच वागतं. फ्रिज चालू असेल तर दोन दिवस. फ्रिज बंद, पावसाळी दमट हवा, अशात लिटरचं पाकीट सकाळी फोडलं तर दोन-तीन तासांत संपवावं लागतं. म्हणून सकाळच्या सगळ्यांच्या चहाला एक लिटर किंवा अर्धा लिटर फोडायचं आणि मुलांसाठी २०० मिलिलिटरची साधी पाकिटं वेगळी ठेवायची. चॉकलेट किंवा वेलचीचं गोड दूध यात धरू नका, त्यात साखर बरीच असते आणि मुलं ते पूर येण्याची वाट बघत नाहीत.

उकळायचं का? न फोडलेल्या पाकिटातलं दूध थेट पेल्यात ओतून पिता येतं. गॅस संपला, सिलिंडर आणायला वाट नाही, अशा वेळी याचा मोठा आधार असतो. सासूबाईंना उकळल्याशिवाय समाधान वाटत नसेल तर खुशाल उकळू द्या, नुकसान काही नाही, फक्त चव थोडी आणखी शिजकट होते. पाकीट तसंच मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका, आत ॲल्युमिनियम आहे. उकळण्याबाबत एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे. 'जरा वास येतोय, पण एक उकळी देऊ' हे करायचं नाही. काही जंतू दुधात जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही. उकळलं आणि फाटलं नाही म्हणजे चांगलं, असंही नाही. न फाटणं एवढंच सांगतं की आंबटपणा फार वाढलेला नाही.

पाकीट फोडण्याआधी आणि फोडल्यावर काय पाहायचं ते सांगतो. फुगलेलं पाकीट चाखून बघायचं नाही, फोडायचंही नाही, टाकायचं. कोपरा चिकट लागला किंवा खोक्याभोवती मुंग्यांची रांग दिसली, तर एखादं पाकीट पाझरतंय. आमच्या गोदामातही गळतीची पहिली खबर बऱ्याचदा मुंग्याच द्यायच्या. असं पाकीट बाहेर काढून बाकीची पुसून घ्या. फोडण्याआधी हलवा, कारण महिन्या-दोन महिन्यांत वर थोडी साय धरते आणि तळाला पिठूळ साका बसतो. ही दोन्ही लक्षणं निरुपद्रवी. ओतल्यावर गाठी, तार, कडवटपणा, आंबट वास यांपैकी काहीही आढळलं तर मोह सोडा. किंचित शिजलेला वास हा या दुधाचा स्वभावच आहे, त्याला घाबरू नका.

उंदीर हा वेगळा विषय. कागदी पाकीट त्यांना एका रात्रीचं काम. घरात उंदीर असतील तर प्लास्टिकच्या पेटीऐवजी पत्र्याची पेटी किंवा मोठा स्टीलचा डबाच हवा. खोका थेट फरशीवर ठेवू नका, खाली फळी टाका. ओल चढली की कागद मऊ पडतो आणि खालच्या थरातली पाकिटं दबून सांध्यात उसवतात.

घरात म्हशीच्या दुधाची सवय असेल तर पाकिटावरचा प्रकार वाचून घ्या. टोन्ड म्हणजे ३ टक्के स्निग्धांश, स्टँडर्डाइज्ड म्हणजे ४.५ टक्के, फुल क्रीम म्हणजे ६ टक्के. डबल टोन्डमध्ये दीडच टक्का असतो. टोन्ड आणलं आणि 'पाणीदार आहे' म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली, असं बऱ्याच घरांत होतं. चहासाठी आणि मुलांसाठी फुल क्रीम घ्या. पण यातून साय-लोणी-तूप निघेल ही आशा ठेवू नका, कारण त्यातले स्निग्धकण दाबाखाली बारीक फोडलेले असतात, ते वर येऊन जाड साय धरत नाहीत. दही लागतं, पण सैल. उकळण्याची गरज नाही, बोटाला सोसेल इतकं कोमट करून विरजण लावा, चमचा-दोन चमचे दूध पावडर मिसळली तर बरं घट्ट होतं. पनीरच्या नादी लागू नका, चुरा होतो.

दूध पावडरचं काय, असंही कोणी विचारेल. स्किम्ड पावडर वर्षभर टिकते, जागा बरीच कमी लागते, लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅमच्या आसपास पुरते. पण पुरात नळाला येणाऱ्या पाण्याची खात्री नसते, आणि पावडरला आधी चांगलं पाणीच हवं. तुमच्या घराला पावडर दुय्यम. पाव किलोचा एक डबा असू द्या, बस. तान्ह्या बाळाला साधी दूध पावडर कालवून देऊ नये. वर्षाच्या आतल्या मुलाचं दूध डॉक्टरांना विचारूनच.

सिंहस्थाची काळजी तुम्ही वाढवून घेतली आहे असं वाटतं. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, म्हणजे भर पावसाळ्यात, जेव्हा तुमचा खोका तसाही वर असणार. पर्वणीच्या आगेमागे रस्ते बंद असतील ते दिवस आधी कळतील. त्या आठवड्यांसाठी जुलैअखेर एक जास्तीचा खोका घ्या. त्याच्या आधी साठवण्यात अर्थ नाही, तो खोका तोवर एक उन्हाळा खाऊन बसेल.

राहिली खरेदी. २२ सप्टेंबर २०२५ पासून यूएचटी दुधावरचा ५ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे खोक्याने घेणं आधीपेक्षा परवडतं. पण स्वस्त मिळतंय म्हणून मे महिन्यात दुकानाच्या ओट्यावर उन्हात रचलेला खोका उचलू नका; घरातली काळजी सुरू होण्याआधीच त्याची निम्मी उमर गेलेली असते. आतल्या गोदामातून काढून द्यायला सांगा, उत्पादनाची तारीख महिन्याच्या आतली असेल तरच घ्या, आणि खोक्याचा तळ हाताने चाचपून पाहा. ओलसर लागला तर दुसरा मागा.